हातचा बालेकिल्ला घालवण्याची खात्रीशीर रीत

तुमच्या पक्षाकडे पिढीजात बालेकिल्ला असेल आणि तो उजव्या लोकानुनयी पुढाऱ्यांच्या पदरात टाकायचा असेल, तर घाई करू नका. ब्रिटनच्या मजूर पक्षाचा कित्ता गिरवा. कोळसाखाणींच्या बोल्सोव्हरमध्ये त्यांचं मताधिक्य १९९७ साली २७ हजारांवर होतं, २०१७ साली ५ हजारांच्या आसपास उरलं. जागा राखली ना, मग कितीने ते बघू नये. त्यात या पट्ट्याने २०१६ साली ब्रेक्झिटला, म्हणजे युरोपीय संघ सोडण्याला, कौल दिलेला, तर २०१९ मध्ये त्यांना पुन्हा सार्वमत देऊ करावं. मजुरांची जागा हुजुरांकडे (कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाकडे) गेलीच म्हणून समजा.

मतदाराविषयी खरं मत गाडीत बसल्यावर द्यावं. २०१० साली रॉचडेलमध्ये जन्मभर मजूर पक्षाच्या असलेल्या एका निवृत्त बाईंनी पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांना भर रस्त्यात गाठून कर्ज, पेन्शन, स्थलांतरित असं सगळं विचारलं. ब्राऊन गोड बोलले, गाडीत बसले आणि बाईंना पूर्वग्रहदूषित म्हणून मोकळे झाले. कोटाला वाहिनीचा माइक तसाच होता! माफी मागायला बाईंच्या घरी जावं लागलं. यातून धडा एवढाच घ्यावा की माइक आधी काढायचा. स्थलांतरितांबद्दल काय उत्तर द्यायचं, ते राहू द्या.

तुमची जागा घ्यायला कोणीतरी येतोच. उजव्या ‘रिफॉर्म’ पक्षाचे नायजेल फराज खासगी शाळेत शिकलेले, लंडनच्या धातुबाजारात सौदे केलेले. पण बिअरचा ग्लास हातात घेऊन प्रस्थापितांना झोडपू लागले की घरचेच वाटतात.

मध्येच सत्ता मिळाली तर डगमगू नका. २०२४ साली मजूर पक्षाने ३३.७ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा पटकावल्या. याला लाट म्हणावं. फराज यांच्या रिफॉर्मला १४.३ टक्के मतं आणि जागा ५, म्हणजे ते किरकोळच. मग त्याच जुलैत बहुतेक पेन्शनरांचा २०० ते ३०० पौंडांचा हिवाळी इंधनभत्ता बंद करून टाकावा. रनकॉर्नच्या मजूर खासदाराने तर रस्त्यात मतदारालाच ठोसे लगावले (जनसंपर्क म्हणतात तो हा), शिक्षा झाली, पोटनिवडणूक लागली आणि १४ हजारांवरचं मताधिक्य असलेली जागा रिफॉर्मने ६ मतांनी नेली. त्याच दिवशीच्या मतदानात खाणकामगारांच्या डरहॅमची कौन्सिलही त्यांच्याकडे गेली. भत्ता परत द्यायचाच असतो, फक्त मुहूर्त सांभाळायचा: मतदान २०२५ च्या १ मे रोजी, घोषणा जूनमध्ये.