गेट ड्रायव्हरचं मॉडेल देता, मग चालणारं का देत नाही?

आयआर२११०, म्हणजे मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू-बंद करणारा गेट ड्रायव्हर, जळला की फोंड्यात किंवा मडगावात उठून दुकानात गेलं आणि आणला, असं होत नाही. मुंबईहून कुरिअर येईपर्यंत काम ठप्प. म्हणून तर आधी सिम्युलेशन करायचं! आणि तिथेच डोक्याचा भुगा होतो.

मॉडेल, म्हणजे चिपच्या वागण्याची नक्कल करणारी फाइल, डाउनलोड करा, एलटीस्पाइस या सिम्युलेटरमध्ये टाका. फाइल एन्क्रिप्टेड, पीस्पाइस या दुसऱ्या सिम्युलेटरशिवाय चालणारच नाही. उघडी फाइल मिळाली तर सिम्बॉलच्या पिनांचा क्रम सबसर्किटच्या ओळीशी (फाइलीतल्या पिनांच्या यादीशी) जुळत नाही. कॉमच्या (ग्राउंडची पिन) जागी व्हीएस (वरच्या आणि खालच्या मॉसफेटमधल्या जोडाची पिन) जातो, सॉफ्टवेअर चकार शब्द काढत नाही आणि मॉसफेटच्या गेटवर (नियंत्रणाच्या टोकावर) नुसती सपाट रेघ. ती ओळ नोटपॅडमध्ये उघडून एकेक पिन ताडून बघायची, दुसरा इलाज नाही.

मग येतो ‘टाइम स्टेप टू स्मॉल’ हा एरर. मॉडेलच्या आत इफ-एल्सच्या अटी कोंबलेल्या, आउटपुट शून्य वेळात ० वरून १५ व्होल्टवर उडी मारतं. सॉल्व्हर (सिम्युलेटरचं गणित सोडवणारा भाग) अडकणार नाही तर काय? इनपुट पल्सला १० ते २० नॅनोसेकंदांचा राइज-फॉल (चढ-उताराचा वेळ) द्या, व्हीएसपासून ग्राउंडला १ मेगओम लावा, सिम्युलेटरची इंटिग्रेशन पद्धत ‘गिअर’वर टाका. बहुतेक वेळा गाडी पुढे सरकते. पण ही डागडुजी आम्ही का करायची?

न चालणाऱ्यापेक्षा चालून खोटं सांगणारं मॉडेल जास्त घातक. बूटस्ट्रॅप कपॅसिटर (वरच्या मॉसफेटच्या गेटला वीज पुरवणारा) सुरुवातीला रिकामा असतो. खरी चिप व्हीबी-व्हीएसमध्ये (या कपॅसिटरच्या दोन टोकांत) साधारण ८.६ व्होल्ट आल्याशिवाय वरचा मॉसफेट चालूच करत नाही. कित्येक मॉडेलांत हे लॉकआउटच नाही, ४ व्होल्टवरही गेट हलवतात! कपॅसिटर १ मायक्रोफॅरडचा आणि त्याच्या चार्जिंगच्या वाटेत १० ओम असेल तर खालचा मॉसफेट आधी ५० मायक्रोसेकंद चालू ठेवा, म्हणजे कपॅसिटर भरतो, मगच वरचा. कपॅसिटरही कागदावरचा धरू नका: छोट्या पॅकेजचा सिरॅमिक १५ व्होल्टवर निम्म्यावर येऊ शकतो. कपॅसिटर भरणारा डायोड यूएफ४००७ घ्या. १एन४००७ रिव्हर्स रिकव्हरीला (उलट दिशेला बंद व्हायला) फार मंद, उलटा करंट परत सप्लायमध्ये ढकलतो.

आणि ट्रेसचं (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीचं) इंडक्टन्स? ते तर कुणीच देत नाही. एक सेंटिमीटर ट्रेस म्हणजे ढोबळ १० नॅनोहेन्री. १० अँपिअर २० नॅनोसेकंदांत तुटले की ५ व्होल्ट. व्हीएस उणे ५ वर जातो, आणि आयआर२११० चं लॉजिक उणे ४ पर्यंतच चालण्याची हमी. स्क्रीनवर वेव्हफॉर्म चकाचक, बोर्डावर चिप अडकते आणि दोन्ही मॉसफेट एकदम खलास. खालच्या मॉसफेटच्या सोर्समध्ये आणि व्हीएसच्या वाटेत १० नॅनोहेन्री हाताने टाका, तेव्हा कुठे खरी लाट दिसते.

मॉडेल बनवणाऱ्यांनो, फाइलीच्या डोक्यावर चार ओळी लिहा: लॉकआउट आहे की नाही, आउटपुटचा रेझिस्टन्स धरलाय का, उणे व्हीएस धरलाय का, पिनांचा क्रम कोणता. एवढंच मागतोय!