तेंगबोचे मणि रिमदु ट्रेक: तुमच्या २ स्टार रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू परवाच वाचला, पण घाईत काहीतरी लिहून मोकळं व्हायचं नव्हतं म्हणून दोन दिवस थांबलो. तुमचं म्हणणं असं की मणि रिमदुसाठी, म्हणजे नेपाळमधल्या तेंगबोचे मठाच्या बौद्ध उत्सवासाठी, पैसे भरले आणि आशीर्वादाचा दिवसच चुकला, नामचेला एक दिवस उगाच बसवून ठेवलं, मुक्काम तेंगबोचे सांगून खालच्या गावात केला, आणि छाम, म्हणजे लामांचा मुखवट्यांचा नाच, चालू असताना काय चाललंय ते कोणी समजावलं नाही. नामचेचं सोडून बाकी सगळं बरोबर आहे, आणि ते मी इथे सगळ्यांसमोर मान्य करतो.

आधी वांगचं, म्हणजे त्या आशीर्वादाच्या विधीचं, बोलतो कारण खरा राग त्याचाच आहे. सीझनमधे लुकलाची, म्हणजे जिथून चालायला सुरुवात होते तिथली, विमानं बऱ्याचदा काठमांडूहून न सुटता मंथलीहून सुटतात, म्हणून आपण रात्री दीडला जीपमधे बसलो, चार-पाच तास धक्के खात पोचलो आणि तिथे कळलं की लुकलाला ढग आहेत. धावपट्टी सगळी मिळून ५२७ मीटर, तीही चढाची, ढग असले की तिथे कोणी विमान उतरवत नाही आणि उतरवूही नये. एक दिवस गेला. तो ढगांमुळे गेला हे खरं, पण मी जो एक जादा दिवस धरला होता तो ट्रेकच्या शेवटी धरला होता, परतीची फ्लाइट चुकू नये म्हणून! म्हणजे घरी वेळेवर पोचायची सोय केली आणि ज्यासाठी चाललो त्याची केलीच नाही. उत्सवाची तारीख तिबेटी पंचांगावरनं ठरते, ती आपल्यासाठी एक दिवस पुढे जात नाही, हे इतकी वर्षं ग्रुप नेऊन मला कळायला हवं होतं.

आता नामचे. तुम्ही लिहिलंय तो दिवस वाचवला असता तर वांग मिळाला असता, आणि हिशोबाने ते बरोबरच आहे. पण सर, आपलं कळसूबाई १६४६ मीटर, लुकलाला विमानातनं पाय खाली ठेवतो तेच २८०० च्या वर. आदल्या मुक्कामाचं फाकडिंग २६१० आणि नामचे ३४४०, एका दिवसात ८३० मीटर वर चढून झोपायचं. तीन हजारच्या वर रोजचा मुक्काम फार तर ५०० मीटरने वाढवावा असं डॉक्टर सांगतात, म्हणून तिथे दोन रात्री काढायच्याच, त्यात तडजोड नाही. आपल्याच ग्रुपमधल्या एकाला त्या रात्री उलट्या झाल्या, दोन वाजता मी त्याच्या खोलीत बसून होतो, तो दुसऱ्या दिवशी विश्रांती घेऊन बरा झाला म्हणून पुढे येऊ शकला. तसंच वर नेलं असतं तर काय झालं असतं याचा विचार आजही नको वाटतो. हा दिवस मी पुढच्या वर्षीही काढणार नाही, कोणी एक स्टार दिला तरी चालेल.

मात्र एक गोष्ट तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर सुचली, तेव्हा सुचली नाही. नामचेहून सगळा ग्रुप एकत्र आठला निघाला, फुंकी थेंगापर्यंत खाली उतरून परत सहाशे मीटर चढ, पोचायला चार वाजले आणि वांग तोवर आटोपला होता. तुमची तब्येत चांगली होती, असिस्टंट गाइडबरोबर तुम्हाला पहाटे पाचला पुढे पाठवता आलं असतं. ते मी केलं नाही. आईंसाठी रिलबू (वांगला वाटतात त्या पवित्र गोळ्या) न्यायचे होते हे तुम्ही पहिल्याच दिवशी बोलला होतात, त्यामुळे हे जास्त लागलं.

मुक्कामाचं थोडक्यात. तेंगबोचेला मोजकी लॉज आहेत आणि उत्सवात ती भरतात, म्हणून देबोचेला, वीसेक मिनिटं खाली. प्रोग्रॅममधे "तेंगबोचे" छापलं ते चूक, आता "देबोचे" असंच लिहिलंय.

आणि छाम. गाइड बोलला नाही कारण तो हात जोडून बसला होता, त्याच्यासाठी ती पूजा आहे, त्याला मी दोष देणार नाही. सांगायचं काम माझं होतं, आदल्या रात्री जेवताना. गुरु रिन्पोचे म्हणजे पद्मसंभवांनी बौद्ध धर्माच्या आड येणाऱ्या शक्तींना वश केलं ती गोष्ट आहे, उत्सव तिबेटातल्या रोंगबुक मठातून इकडे आला, आणि तेंगबोचेचा हा गोंपा (मठ) १९१६ साली झाला, १९३४ च्या भूकंपात पडला, १९८९ ला जळाला, तरी लोकांनी परत बांधला. एवढं माहीत असतं तर ते पाच-सहा तास तुम्हाला इतके लांब वाटले नसते असं मला वाटतं. पांढऱ्या दाढीचा मुखवटा घातलेला तो म्हातारा आठवतोय ना, मि छेरिंग? तो गर्दीतनं माणसाला ओढून आणतो, खतक (मान म्हणून देतात ते वस्त्र) कशी द्यायची, नमस्कार कसा घालायचा ते शिकवायला जातो आणि सगळा घोळ होतो. आपल्या पुढच्या रांगेतली एक शेर्पा आजी हसता हसता डोळे पुसत होती, तिच्या मांडीवरची नात तिच्याकडेच बघत होती. मला तो क्षण तुम्हाला दाखवायचा होता, पण तुम्ही तेव्हा थंडीने कंटाळून चहाला उठला होतात.

मंथलीच्या जीपचे जे जादा पैसे घेतले ते उद्या तुमच्या खात्यात जमा करतोय, सगळ्या ग्रुपचे करतोय. पुढच्या वर्षी जादा दिवस लुकलाच्या आधी असेल.

अजून एक. तुम्ही काठमांडूहून त्याच रात्री निघालात, त्यानंतर गाइडने मला एअरपोर्टवर एक कागदाची पुडी दिली. त्याची काकू वांगला होती, तिने तिच्या वाट्याचे तीन रिलबू आईंसाठी दिलेत. पुडी माझ्याकडे ऑफिसच्या कपाटात आहे, कुरिअरने टाकायला मन होत नाही. रविवारी तुम्ही घरी असाल तर फोन करा, मी घेऊन येतो.