‘बी-१२ची इंजेक्शनं घ्या, पट्टे कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

मनगटात नस दबून हाताला मुंग्या येतात (कार्पल टनेल सिंड्रोम), या माझ्या लेखावर तुम्ही वाशीहून लिहिलंत की सकाळी हाताला मुंग्या येणं म्हणजे बी-१२ कमी, दुसरं काही नाही. काकूंना इंजेक्शनं दिली, फरक पडला. मग मनगटाचा पट्टा आणि नसेची (म्हणजे मज्जातंतूची) तपासणी सांगून मी लोकांना उगाच घाबरवते.

काकूंना बरं वाटलं, फार छान झालं. शाकाहारी घरांत बी-१२ कमी निघतं, वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध घेणाऱ्यांतही निघतं. पण त्या मुंग्या बहुधा दोन्ही बाजूंना सारख्या असतात आणि पायांपासून सुरू होतात. रात्री हातानेच जाग आणायची आणि झटकला की दोन मिनिटांत बरं वाटायचं, ही खूण वेगळ्या दुखण्याची आहे. माझा लेख त्याबद्दल होता.

नौपाड्यात पोळीभाजी केंद्रात काम करणाऱ्या एक ताई माझ्याकडे फिजिओथेरपीला आल्या, त्यांचीही बी-१२ची इंजेक्शनं झाली होती. कुठल्या बोटांना मुंग्या येतात विचारलं, तर म्हणाल्या, ‘सगळ्याच.’ मी त्यांना सांगितलं, आज रात्री जाग आली की दिवा लावून एकेक बोट चाचपून बघा. पुढच्या वेळी सांगत आल्या, ‘करंगळीला काहीच नाही हो!’ अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, एवढाच भाग बधिर. हा मीडियन नसेचा इलाखा. मनगटात हाडं आणि त्यांवरचा जाड तंतुमय पडदा यांच्यामधल्या अरुंद बोगद्यातून ९ स्नायुरज्जू (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि ही नस जाते. झोपेत मनगट दुमडलं की आतला दाब वाढतो. थायरॉइड कमी असेल, मधुमेह असेल, गरोदरपण असेल, तर हा त्रास आणखी सहज होतो.

करंगळी बधिर होत असेल तर नस बहुधा कोपरापाशी दबलेली असते; हात दुमडून उशीखाली घेऊन झोपणाऱ्यांत हे खूप दिसतं. मान वळवली की कळ हातात उतरत असेल तर मान तपासायची.

ताईंच्या उजव्या अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा डाव्यापेक्षा सपाट झाला होता. डब्याचं झाकण त्यांच्या हातून सुटायचं. काका, मी कळकळीने लिहिते ते यासाठी. इंजेक्शनांवर महिने जातात, नस दबलेलीच राहते, आणि तो स्नायू एकदा झिजला की ऑपरेशननंतरही पूर्ण भरून येईल याची खात्री नसते. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा मेडिकलमध्ये काही शे रुपयांत मिळतो. सुरुवातीच्या दिवसांत सहा आठवडे तो नेमाने बांधला तरी पुष्कळांना आराम पडतो. त्याने भागलं नाही तर नसेची तपासणी. यात घाबरवण्यासारखं काय आहे?

घाबरायचं ते एकाच वेळी: एकाएकी एका बाजूचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात असू शकतो; सकाळ व्हायची वाट बघू नका, १०८ला फोन करा. मेंदूच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.

आणि एक. बी-१२ची रक्ततपासणी इंजेक्शनाआधी करायची. नंतर केली तर आकडा चांगलाच दिसतो. काकूंची आधी झाली होती का? त्यांना कुठल्या बोटांना मुंग्या यायच्या तेही विचारा आणि इथेच लिहा.