‘घरात बसून लिहिलेला लेख’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

एअरटेलच्या फोन-कॅशबॅक योजनेवर मी ऑक्टोबर २०२१मध्ये लिहिलेल्या लेखावर परवा रात्री ‘एक ग्राहक’ या नावाने एक प्रतिक्रिया आली. उत्तर तिथेच खाली लिहायला घेतलं होतं, पण ते वाढत गेलं, म्हणून वेगळं टाकते आहे.

ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एअरटेलने ऑक्टोबर २०२१मध्ये, म्हणजे दिवाळीच्या तोंडावर, ‘मेरा पहला स्मार्टफोन’ योजना आणली होती. यादीतला, साधारण बारा हजारांपर्यंतचा फोन घ्यायचा आणि २४९ रुपयांचा किंवा त्यावरचा प्रीपेड पॅक ३६ महिने सलग मारायचा. १८ महिने झाले की २,००० रुपये परत, ३६ महिने झाले की आणखी ४,०००. मला जो तो एकच विचारत होता, मधेच प्लॅन बदलला तर पैसे बुडतील का? मी लिहिलं, वरचा पॅक खुशाल घ्या, २४९वरून २९८वर गेलात तरी कॅशबॅक शाबूत राहतो. २४९च्या खाली मात्र उतरू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एक पॅक संपून दुसरा सुरू होताना खंड पडू देऊ नका. लोकांना भीती असते प्लॅन बदलण्याची. कॅशबॅक बुडतो तो खंडाने.

त्यावर ‘एक ग्राहक’ यांचं म्हणणं असं : तुम्ही ३६ महिन्यांचे ३६ रिचार्ज धरलेत, पॅक २८ दिवसांचा असतो हे विसरलात. ज्याचं १४९च्या पॅकमध्ये भागतं त्याने दर वेळी शंभर रुपये जास्त का भरायचे? तीन वर्षं नंबर पोर्ट करायची, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायची, सोय राहत नाही, त्याचं काय? आता तर दर वाढले, त्यावर अवाक्षर नाही. आणि शेवटी हे वाक्य : ‘बाई, हे सगळं घरात बसून, जाहिराती वाचून लिहिलेलं दिसतंय. रिचार्जच्या दुकानात कधी पाऊल तरी टाकलंय का?’

पहिला मुद्दा मान्य. ३९ रिचार्जचे १,०९२ दिवस होतात. ऑक्टोबर २०२१पासूनच्या तीन वर्षांत २०२४चं लीप वर्ष येतं, म्हणजे एकूण दिवस १,०९६. ते चार दिवस भरून काढायला चाळिसावा रिचार्ज मारावाच लागतो. मी लेखात ३६ रिचार्जचे ८,९६४ रुपये लिहिले होते, ते चाळीस रिचार्जचे ९,९६० हवेत. चूक माझी आहे, दाखवून दिलीत, आभारी आहे. पण ९९६ रुपयांच्या बेरजेवरून माणूस कुठे बसून लिहितो हे ठरवायचं असतं का? चूक दाखवायला एक ओळ पुरली असती.

आता त्या वाक्याबद्दल. मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही.

लग्न होऊन मी मिरजेत आले ती २००६ साली. सासऱ्यांचं स्टेशनच्या रस्त्याला वह्या-पेनांचं छोटं दुकान होतं. काउंटरच्या एका टोकाला रिचार्जची कूपनं लटकवलेली असायची. वयस्कर गिऱ्हाइकांना नंबर खरवडता यायचा नाही, मीच नाण्याने खरवडून द्यायची. संध्याकाळी पोळ्या करायला बसायच्या आधी नखांतली ती चंदेरी भुकटी टाचणीने काढावी लागायची. पुढे कूपनं गेली, दुकानाच्या छोट्या फोनवरून बॅलन्स टाकायचे दिवस आले. आज तो कोपरा मी एकटी बघते. २००६पासून त्या काउंटरच्या आत उभी आहे, आणि तुम्ही मला विचारता की दुकानात पाऊल टाकलंय का!

२०१७ची गोष्ट सांगते, कारण ती या विषयाचीच आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये एअरटेल आणि कार्बनचा ए-४० इंडियन हा फोन आला. हातात घेताना २,८९९ रुपये मोजायचे, १८ महिन्यांनी ५०० आणि ३६ महिन्यांनी १,००० परत, म्हणजे फोन पडला १,३९९ला. त्यासाठी दर महिन्याला १६९चा पॅक. पण त्या योजनेत एक पळवाट खुद्द कंपनीनेच ठेवली होती. १६९चा पॅक नको असेल तर कुठलाही मारा, कितीही दिवसांचा मारा, फक्त पहिल्या १८ महिन्यांत ३,००० रुपयांचे आणि पुढच्या १८ महिन्यांत ३,००० रुपयांचे रिचार्ज भरले पाहिजेत. १६९ गुणिले १८ केलं तर ३,०४२ येतात, तेव्हा कंपनीचंही काही जात नव्हतं. मिरजेजवळच्या बेडगचे एक काका तो फोन वापरायचे. दुधाचं बिल दर दहा दिवसांनी हातात यायचं, त्यातून जमेल तेवढा रिचार्ज. कधी मोठा, कधी अगदीच किरकोळ. डेअरीच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर आम्ही दोघं मिळून बेरीज मांडत होतो, वर त्यांनी स्वतःच्या हाताने ‘तीन हजार’ असं अक्षरी लिहून ठेवलं होतं. अठरा महिन्यांच्या आत आकडा पार झाला आणि पहिले पाचशे आले. प्लॅन त्यांनी किती वेळा बदलला याची गणतीच नाही.

हा फरक मला जाहिरात वाचून कळलेला नाही. २०१७च्या योजनेत कंपनी फक्त पैसे मोजत होती, २०२१च्या योजनेत पैसे आणि दिवस दोन्ही. म्हणूनच मी लेखात ‘सलग’ या शब्दावर एवढं लिहिलं.

आणि तो शब्द मला कशाने शिकवला तेही सांगते. हे मी लेखात लिहिलं नव्हतं, लिहायचंही नव्हतं. माझा धाकटा भाऊ सांगलीत गावभागात राहतो. त्याने दुसऱ्या एका कंपनीच्या अशाच योजनेत फोन घेतला होता. नाव घेत नाही. ऑगस्ट २०१९चा महापूर आला तेव्हा कॅशबॅकच्या पहिल्या हप्त्याला दोनच महिने उरले होते. घरात पाणी शिरलं, त्यांना एका शाळेत हलवलं. फोन चार्ज करायला जागा नाही, डोक्यावरचं छप्पर महत्त्वाचं की रिचार्ज? पॅक संपून सहा दिवस गेले. पाणी उतरल्यावर त्याने पहिलं काम केलं ते रिचार्जचं, पण उपयोग झाला नाही. आम्ही तक्रार केली, तक्रारीचा डॉकेट नंबर घेतला, वर अपील केलं, पुराचे फोटो जोडले. उत्तर एका ओळीचं होतं, रिचार्ज सलग नाहीत.

तो रिचार्ज माझ्या काउंटरवरून एका मिनिटात झाला असता. मी मिरजेत कोरड्यात बसले होते, वीज होती, सगळं होतं. त्याचा पॅक कधी संपतो ती तारीखच मला माहीत नव्हती.

त्या दिवसापासून माझ्याकडे एक लांबट वही आहे. नाव, नंबर, पॅक, संपायची तारीख. कॅशबॅकची गिऱ्हाइकं लाल पेनने. तारखेच्या दोन दिवस आधी मी फोन करते, कुणी परगावी असेल तर इथून मारून देते, पैसे आल्यावर घेते. २०२१च्या दिवाळीत फोन घेणाऱ्यांत बहुतेक जण पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेणारे होते. धुणीभांडी करणाऱ्या एका ताईने दोन भिशी मोडून घेतला. तिच्या दृष्टीने सहा हजार म्हणजे अर्धा फोन. ती मला विचारते, ‘वहिनी, मोठा पॅक मारला तर पैसे जाणार नाहीत ना?’ तिला उत्तर द्यायचं म्हणून तो लेख लिहिला. जाहिरातीचं कौतुक करायला नाही.

‘बाई’ या संबोधनाबद्दलही एक. शाळेत मुलं बाई म्हणतात ते वेगळं आणि तुम्ही ज्या सुरात म्हटलंत ते वेगळं. मराठी माणसाला तो सूर लगेच कळतो. हिशेब तपासा, हवा तेवढा तपासा, पण मला झटकून बोलायचं कारण नव्हतं.

राहिलेल्या गोष्टी. ज्याचं तेव्हाच्या १४९च्या पॅकमध्ये भागत होतं त्याच्यासाठी लेख नव्हता, त्याने या योजनेत पडायचं नव्हतं, विषय संपला. २४९मधला रोजचा दीड जीबी डेटा ज्या घराला लागत होता, त्या घरासाठी तो होता. पोर्टिंगचं म्हणाल तर नंबर पोर्ट करायला कुणी अडवत नाही, पोर्ट केला की कॅशबॅक जातो, हे न सांगताही कळण्यासारखं आहे. आणि दरवाढ! एअरटेलचे दर २६ नोव्हेंबर २०२१ला वाढले, लेख त्याआधीच्या ऑक्टोबरचा. २४९चा पॅक २९९चा होणार, १४९चा १७९ होणार, हे मी महिनाभर आधी कुठून लिहायचं? नोव्हेंबर २०२१च्या वाढीव दराने चाळीस रिचार्जचे ११,९६० होतात, तेवढं लेखाच्या खाली टाकते. ज्यांनी फोन आधीच घेतला आहे त्यांनी नावनोंदणीच्या वेळच्या अटींचा स्क्रीनशॉट आणि प्रत्येक रिचार्जचा मेसेज जपून ठेवावा. माझ्या भावाच्या अपिलात आमच्याकडे मेसेज होते म्हणून निदान ते ऐकून तरी घेतलं गेलं.

८,९६४चा आकडा आज दुपारी काढून ९,९६० केला आहे, बदल कधी केला तेही तिथे लिहिलं आहे.

आणि पुढच्या वेळी नाव लिहा. माझं लेखाखाली आहे, दुकानाच्या पाटीवरही आहे.