कॅटामरान उलटत नाही?

शिडाच्या बोटींबद्दल एक दावा सगळीकडे फिरतो: ‘कॅटामरान कलत नाही म्हणून उलटत नाही, भोक पडलं तरी बुडत नाही, वर सामानाला जागा भरपूर. मग मोनोहल घ्यायचीच कशाला?’ (हल म्हणजे बोटीचं पाण्यात बसणारं धड: कॅटामरानला दोन, मोनोहलला एक.) यातलं पहिलं विधान जिवावर बेतू शकतं, म्हणून आधी तेच घेऊ.

फारशी कलत नाही हे खरं. पण १० टनांची कॅटामरान धरा, दोन हलच्या मध्यरेषांत ५ मीटर अंतर. वारा येतो त्या बाजूचा हल पाण्यातून सुटतो त्या क्षणी तिचा सावरण्याचा जोर सर्वांत जास्त असतो: १० टन गुणिले २.५ मीटर. तेव्हा कल जेमतेम १०-१२ अंश. पुढे हा जोर घटतच जातो आणि ८०-९० अंशांच्या आसपास संपतो. मग ती पालथी होते आणि पालथीच राहते. मोनोहलच्या कीलमध्ये, म्हणजे तळाखालच्या जड पात्यात, बोटीच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा शिसं किंवा बीड असतं. भर समुद्रात जाणारी मोनोहल १०० अंशांहून जास्त कलली तरी परत उभी राहते. सप्टेंबर २०१८मध्ये दक्षिण हिंदी महासागरात एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत उतरलेले अभिलाष टोमी यांची गोव्यात बांधलेली मोनोहल ‘तुरीया’ लाटांनी उलटवली. डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीला गंभीर दुखापत झाली, पण बोट सरळ झाली आणि सुटका होईपर्यंत ते तिच्यातच होते.

शिवाय मोनोहल कलून इशारा देते, कलल्यावर शिडातला वाराही थोडा निसटतो. कॅटामरानवर वारा १५ नॉटवरून २० झाला की शिडावरचा दाब जवळपास १.८ पट होतो, तरी मेजावरचा चहाचा कप जागचा हलत नाही. म्हणून रीफ (शीड थोडं गुंडाळून लहान करणं) अंगाच्या अंदाजाने नको, वातमापकावरच्या आकड्याने घ्यायचा, आणि तोही सरासरी वाऱ्याचा नव्हे, झोताचा. झोत आलाच तर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने चढत असताना नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याकडे वळवा. वारा मागून असताना मात्र तसं करू नका: वळताना बोटीला जाणवणारा वारा वाढतो आणि वळणाचा रेटाही वाऱ्यापलीकडच्या हलवरच येतो. तेव्हा वाऱ्यापासून दूर, हळू वळायचं.

बुडण्याबद्दलचा दावा बराचसा बरोबर आहे. फोम-कोअरच्या (भिंतींच्या आत फोम असलेल्या), शिसं नसलेल्या बोटी पालथ्या होऊनही बहुधा तरंगतात. पण त्याचा उपयोग व्हायला हलमधलं बाहेर पडायचं आपत्कालीन झाकण उघडायला हवं आणि लाइफराफ्ट पालथ्या बोटीवरूनही हाताला लागायला हवा.

जागेचं म्हणाल तर जागा म्हणजे वजन पेलण्याची ताकद नव्हे. पाणरेषेवर १२ मीटर लांब, १ मीटर रुंद असे दोन हल टोकांना निमुळते असल्याने मिळून पाण्याच्या पातळीवर सुमारे १६ चौरस मीटर भरतात. म्हणजे १६० किलोला बोट १ सेंटिमीटर खाली बसते. पाणी, डिझेल, बॅटऱ्या, जनरेटर मिळून १.६ टन चढवले की १० सेंटिमीटर गेले. वेग पडतो, आणि दोन हलमधल्या डेकचा तळ लाटांवर आपटू लागतो. निघण्याआधी बोटीखाली डोकावून रंगवलेली पाणरेषा बघा: ती बुडाली असेल तर सामान उतरवा.