बंडखोर मित्र कसा वापरावा

नायक कोण, ते सावकाश ठरवा. आधी मित्र पक्का करा.

तुम्ही कादंबरी लिहायला बसलाय ती अशा राज्यावर, जिथं भिंतींना कान आहेत, हसायला परवाना लागतो आणि वर्षातून दोनदा आनंदी असल्याचा दाखला जमा करावा लागतो. अशा ठिकाणी साधा माणूस काय करेल? दाखला काढेल, त्याच्या तीन झेरॉक्स मारेल आणि घरी येऊन आमटी-भात खाईल. तोच तुमचा नायक. म्हणजे तुम्हीच, उगाच लाजू नका. आता याच्या जिवावर तीनशे पानं कशी भरणार? पहिल्या प्रकरणात त्यानं तोंड उघडलं, तर दुसऱ्यात त्याला उचलतील आणि तिसरं सांगायला कुणी उरायचं नाही. मित्राला मात्र कधीही उचललं तरी चालतं. किंबहुना तो उचलण्यासाठीच असतो.

दिसायला कसाही चालेल, फक्त आवाज मोठा हवा. चपलेचा अंगठा तुटलेला असला तर उत्तम. आई दुसऱ्या गावाला ठेवा. बायको अजिबात नको. बायको असली की घराच्या हप्त्याचा विषय निघतो आणि हप्त्यापुढं भले भले बंडखोर गप झालेले आम्ही पाहिलेत.

तो किती पानं जगवायचा, यात नवखे लेखक चुकतात. जीव लावून बसतात. थोरांकडं बघा. रे ब्रॅडबरीच्या १९५३ सालच्या ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये शेजारची सतरा वर्षांची क्लॅरिस, पुस्तकं जाळण्याची नोकरी करणाऱ्या माँटॅगला विचारते की तू सुखी आहेस का. एवढंच. प्रश्न विचारून झाला, तिचं काम संपलं. पुढं ती दिसेनाशी होते आणि ती बहुतेक गाडीखाली गेली ही बातमी माँटॅगची बायको अशी देते, जणू घरातलं मीठ संपलंय. सांगायचं राहून गेलं होतं, म्हणते. मित्र घालवावा तर असा. रडारड नाही, तेरावं नाही, आणि नायकाच्या डोक्यात भुंगा मात्र कायमचा.

मार्गारेट अॅटवुडबाईंनी १९८५ साली ‘द हँडमेड्स टेल’मध्ये याच्याही पुढची मजल मारली. त्यातली नायिकेची मैत्रीण मॉयरा संडासाच्या टाकीतली दांडी उपसते, ती पहारेकरीण बाईच्या पाठीला टोचते, तिचेच कपडे अंगावर चढवते आणि फाटकातून ताठ मानेनं चालत बाहेर पडते. (आमच्याकडं ती दांडी आधीच तुटलेली असते आणि टाकीत सुतळी बांधलेली असते. सुतळीनं क्रांती होत नाही, हा आपल्या साहित्याचा जुना प्रश्न आहे.) नायिका आत बसून ही गोष्ट मनात घोळवत राहते. पुढं तीच मॉयरा साहेबलोकांच्या कोठीवर सापडते, दमलेली, आता आहे ते बरं आहे म्हणणारी. तर वाईट कुणाला वाटतं? नायिकेला. हिनं तरी शूर राहायला हवं होतं, असं तिला वाटतं. ही जागा पेन्सिलीनं खूण करून ठेवा. मित्र थकला तर नायकानं हिरमुसायचं. स्वतः काही करायचं नाही, पण हिरमुसण्यात कसर ठेवायची नाही.

मित्र मारायचं धाडस नसेल तर बदली करा. आल्डस हक्सलीनं १९३२ सालच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’ कादंबरीत हेल्महोल्ट्झ नावाच्या बंडखोर लेखकाला एखाद्या बेटावर धाडायचं ठरवलं, वर हवामान कसलं हवं तेही विचारलं. तो म्हणाला, वाईट द्या, वाईट हवेत लिहिणं चांगलं होतं. मिळाली फॉकलंड बेटं. त्याचा दोस्त बर्नार्ड मात्र गयावया करत होता, त्याला उचलून न्यावं लागलं. आपल्याकडं जत किंवा महाबळेश्वर असा पर्याय द्यावा लागेल. पाऊस धरला तर महाबळेश्वर. पण तिथं बंडखोर पाठवला तर घरचे म्हणतील, मजा आहे बुवा.

कादंबरी सांगलीत घडवायला हरकत नाही. वातावरण आयतं आहे. मार्केट यार्डात हळदीनं पिवळी झालेली माणसं, सगळ्यांचा एकच रंग, गणवेशाचा खर्च वाचला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पातळीचा फलक लावा आणि सरकारनं तो आकडा तीस फुटांवर कायमचा ठरवून टाकलाय असं लिहा. पाणी गावभागात शिरलं तरी फलकावर तीसच. २०१९चा पूर पाहिलेला वाचक हे वाचून गार पडेल.

फक्त १९४३चं नाव काढू नका. त्यानं सगळा घोळ होतो. त्या वर्षी याच मुलखात, जुन्या सातारा जिल्ह्यात, प्रतिसरकार उभं राहिलं. ते स्वतः न्यायनिवाडे करत होतं, गुंड-सावकारांना वठणीवर आणत होतं, आणि क्रांतिसिंह नाना पाटील भूमिगत झाले ते १९४६पर्यंत इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. आता हे कादंबरीत कसं बसवणार? आज या घरात भाकरी, उद्या त्या वस्तीवर मुक्काम, गावात सगळ्यांना ठाऊक आणि कुणी बोलत नाही. अख्खं गावच मित्र झालं तर तुमच्या नायकानं कुणाच्या पाठीमागं उभं राहायचं? संपादक ‘हे पटत नाही’ असा शेरा मारून बाड परत पाठवतील.

हवंच असेल तर त्याच वर्षीच्या जुलैतली सांगलीच्या तुरुंगातली गोष्ट घ्या. वसंतदादा पाटील साथीदारांसह तुरुंग फोडून पळाले, गोळी लागून पकडले गेले, पुढं मुख्यमंत्री झाले. एवढं इथलं शेंबडं पोरही सांगतं. त्या धावपळीत मारले गेलेले पत्रावळे आणि जाधव यांची नावं विचारून बघा. मित्राची भूमिका म्हणजे काय, ते लगेच कळेल.

संशोधनासाठी मला लांब जावं लागलं नाही. विश्रामबागेत आमची सोसायटी आहे. गेल्या पावसाळ्याआधी मीटिंग होती. टाकी दुरुस्तीचे पैसे गोळा झालेत, टाकी तशीच गळतेय, तर हिशोब दाखवा, असं आमचा मित्र उभा राहून म्हणाला. आधल्या रात्री जिन्यात आम्ही सहा जणांनी त्याला सांगितलं होतं, तू बोल, आम्ही आहोत. तो बोलला आणि वळून बघितलं. त्या वेळी मी भेळ खात होतो. म्हणजे खात नव्हतो, भेळेतल्या कैरीच्या फोडी मोजत होतो. नऊ होत्या. बाकीचे पाच मोबाइलमध्ये होते. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. अध्यक्ष म्हणाले, कुणाला आणखी काही विचारायचंय? मी दहावी फोड शोधली.

संध्याकाळी त्याला ग्रुपमधून काढलं. रात्री मी त्याला वेगळा मेसेज पाठवला, ‘भावा, एक नंबर बोललास.’ खाली मूठ आवळलेला इमोजीही टाकला. नायकानं इतपत धोका पत्करलाच पाहिजे.

परवा तो चहाच्या टपरीवर भेटला. मी कादंबरी लिहितोय हे त्याला कुठून तरी कळलं होतं.

“मी हाय का त्यात?”

“आहेस की. मोठा रोल आहे.”

“कितव्या पानाला मरतोय?”

“अजून ठरलं नाही.”

“ठरव की लगा लवकर. रविवारी परत मीटिंग हाय.”

मी खिसे चाचपले, सुट्टे नव्हते. दोन्ही चहाचे पैसे त्यानंच दिले.