लखनौला बाकावर बसलेला गोली

"बाळाचे पाय पाळण्यात दिसतात," असं म्हणून बंड्याने चहाचा ग्लास कट्ट्यावर ठेवला आणि रविवारची संध्याकाळ तिथूनच पेटली.

खडकी बाजारातला आमचा कट्टा. बंड्या हॉकी इंडिया लीगचा एकही सामना सोडत नाही. अण्णा ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, तरुणपणी कंपनीच्या संघात फुल बॅक, म्हणजे बचावाला. मास्तर शाळेतल्या पोरांना हॉकी शिकवतात. चौथा मी. विषय निघाला होता लीगच्या संघांनी घेतलेल्या पोरांचा. लीग पुन्हा सुरू झाली तेव्हाच्या, 2024 च्या लिलावात नियम होता: 24 जणांच्या संघात किमान 16 भारतीय आणि त्यात चार ज्युनियर असलेच पाहिजेत. त्या चौघांतला कोण पुढे जाणार हे ओळखायचं कसं, यावरून वाजलं.

बंड्याचं उत्तर तयार होतं. "ज्युनियर स्पर्धा बघ, कळतंच. अराईजीतसिंग हुंदल. डिसेंबर 2024, मस्कत, ज्युनियर आशिया चषकाची फायनल, समोर पाकिस्तान. 5-3 ने जिंकलो, त्यातले चार गोल एकट्याचे. अजून काय बघायचंय?"

"गोल बघू नकोस असं नाही म्हणत मी," मी म्हणालो, "पण लखनौ आठव."

लखनौ म्हणजे 2016 चा ज्युनियर वर्ल्ड कप. सेमीफायनलला ऑस्ट्रेलिया, सामना बरोबरीत सुटून शूटआऊटवर गेला आणि गोली, म्हणजे गोलकीपर, विकास दहियाने तो जिंकून दिला. त्या रात्री कुणालाही विचारलं असतं की श्रीजेशनंतर भारताचा गोली कोण, तर एकच नाव आलं असतं. दुसरा गोली बाकावर होता, कृशन पाठक. आज काय झालंय? श्रीजेश पॅरिस ऑलिंपिकनंतर निवृत्त झाला तेव्हा त्याची जागा घ्यायला उभा राहिला तो पाठक. त्या ज्युनियर संघाचा कर्णधार हरजीतसिंग, वर्ल्ड कप उंचावलेला पोरगा, एकही ऑलिंपिक खेळला नाही.

बंड्या गप्प बसणारा नाही. "अरे, पण त्याच संघातले हरमनप्रीत, सुमित, नीलकांत, गुरजंत, सिमरनजीत टोकियो ऑलिंपिकला गेलेच ना? ब्राँझ आणलं ना? मग पाळणा खोटा कसा?"

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि मी तिथल्या तिथे कबूल केलं. पीक चांगलं आलंय हे पाळण्यात दिसतं. त्या पिकातलं कुठलं कणीस भरणार, ते दिसत नाही. सिमरनजीतचंच घ्या. लखनौच्या फायनलमध्ये त्याचा गोल होता, तरी टोकियोसाठी निवडलेल्या मूळ 16 जणांत तो नव्हता. कोविडमुळे संघात दोन जास्तीचे खेळाडू घ्यायला परवानगी मिळाली म्हणून आत आला. जर्मनीविरुद्धच्या ब्राँझच्या सामन्यात आपण 5-4 ने जिंकलो, त्यात दोन गोल त्याचे. परवानगी मिळाली नसती तर आज आपण त्याला कशात मोजलं असतं?

"मग बघायचं तरी काय?" बंड्या जरा चिडूनच म्हणाला.

मास्तर इतका वेळ ऐकत होते. त्यांनी पिंपरीतल्या नेहरूनगरच्या टर्फवरचा एक सामना सांगितला, शाळांच्या पोरांचा. पाणी मारून नुकतंच टर्फ ओलं केलेलं, चेंडू जाईल तिथे तुषार उडत होते. एका संघात सोळाव्या वर्षीच विशीचा वाटणारा दांडगा पोरगा. तीन जणांना चकवून गोल केला, सगळं स्टेडियम ओरडलं. दुसऱ्या संघात सेंटर हाफला, मैदानाच्या मधोमध, एक किडकिडीत पोर, मनगटाला चिकटपट्टी. मास्तर त्यालाच बघत बसले. चेंडू त्याच्याकडे यायच्या आधी तो मान वळवून एकदा डावीकडे बघायचा, एकदा मागे. चेंडू स्टिकला लागला तेव्हा अंग आधीच मोकळ्या बाजूला वळलेलं असायचं. ट्रॅप, म्हणजे चेंडू अडवणं, आणि पास यात श्वासाएवढंही अंतर नाही. एकदाही टाळी पडली नाही त्याला. दुसऱ्या सत्रात दांडग्याचा चेंडू हिसकावला गेला, तो कमरेवर हात ठेवून तिथेच उभा राहिला. थोड्या वेळाने किडकिडीताचा पास चुकला, तर तो चाळीस पावलं उलटा धावत गेला आणि डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धवर्तुळाच्या, तोंडावर टॅकल करून चेंडू परत घेतला.

"मी त्याचा नंबर तळहातावर लिहून घेतला," मास्तर म्हणाले. "दांडग्याचं अंग दोन वर्षांत बाकीच्यांच्या बरोबरीला येणार. मग त्याच्याकडे उरणार काय? मान वळवायची सवय मात्र वाढतच जाते."

माझं म्हणणं नेमकं हेच आहे, फक्त मला ते इतकं नीट सांगता येत नव्हतं. चेंडू स्टिकपाशी नसताना पोरगा काय करतो, आणि चेंडू गेल्यावर पहिल्या तीन सेकंदांत काय करतो, एवढं बघावं. माझ्या भाच्याला पंधराव्या वर्षी एका निवड चाचणीतून घरी पाठवलं होतं, उंची कमी म्हणून. वीस मिनिटांत चाळीस पोरं बघायची म्हटल्यावर उंचीच दिसणार. त्याने स्टिक माळ्यावर टाकली ती टाकलीच. अजून सलतं ते.

अण्णांनी मग धनराज पिल्ले काढला. खडकीच्या कट्ट्यावर हॉकी निघाली की तो निघायचाच, आणि निघालाच पाहिजे. इथल्याच ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत तुटक्या स्टिका बांधून खेळलेला. "1968 चा जन्म, भारताकडून पहिल्यांदा खेळला 1989 ला. म्हणजे विशी ओलांडलेली. मधली वर्षं काय केलं? मुंबईला गेला, जोकिम कार्व्हालोंच्या हाताखाली महिंद्राकडून खेळला. रोज मोठ्या माणसांच्यात. मग चार ऑलिंपिक आणि चार वर्ल्ड कप." अण्णांनी बोट माझ्याकडे केलं. "तुम्ही पोरं बघण्याच्याच गोष्टी करताय. बघून कुणी मोठा होत नाही, खेळवावं लागतं."

खरा वाद इथून सुरू झाला. लिलावाचा तो नियम चार ज्युनियर संघात घ्यायला लावत होता, मैदानावर उतरवायला नाही. बंड्या म्हणाला, "मालकाने कोट्यवधी लावलेत, प्रशिक्षकाची नोकरी निकालावर आहे. तो एकोणीस वर्षांच्या पोराला कशाला उतरवेल? आणि बेल्जियमच्या, ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंबरोबर महिनाभर सराव करणं हे काय कमी शिक्षण आहे?"

सरावाचं मी मान्य केलं. पण हॉकीत बदली हव्या तेवढ्या करता येतात, आत-बाहेर चालूच असतं. पंधरा मिनिटांच्या एका सत्रात पोराला चार मिनिटं द्यायला कोण अडवतं? फुटबॉलमध्ये अडचण समजू शकतो, इथे नाही. आणि ती चार मिनिटं तीन गोलांची आघाडी असताना नकोत, 1-1 असताना हवीत. तशा मिनिटांनीच पोर घडतं.

"आणि चुकला तर?"

"चुकू दे. ऋतुजा आठव."

26 जानेवारी 2025, रांची. महिला लीगची पहिलीच फायनल, ओडिशा वॉरियर्स विरुद्ध सूरमा. 2-1 ने ओडिशा जिंकली, दोन्ही गोल ऋतुजा पिसाळचे, दुसरा सामना संपायला मोजकी मिनिटं उरलेली असताना. आपल्या सातारा जिल्ह्यातली पोर. त्याच वर्षी आशिया कपला ती भारताच्या मोठ्या संघात होती. लिलावाच्या दिवशी सगळे मोठ्या बोल्यांकडे बघत होते, तिच्याबद्दल या कट्ट्यावर एक शब्द निघाला नव्हता. तिला शेवटच्या मिनिटांत मैदानावर ठेवणारं कुणीतरी होतं. वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळेही फलटण तालुक्यातल्याच, आणि एवढं असून लीगमध्ये महाराष्ट्राचा संघ नाही. ही गोष्ट मला प्रत्येक हंगामात टोचते. आपली पोरं कुणाच्या बाकावर बसतात, किती मिनिटं खेळतात, हे आपण फक्त टीव्हीवर मोजायचं.

बंड्याने थोडा वेळ काही म्हटलं नाही. मग म्हणाला, "मास्तर, तो किडकिडीत पोरगा अजून खेळतो का?"

"खेळतो. पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता सामना आहे त्याचा."

ठरलं असं की चौघांनी जायचं. बंड्या गोल आणि गोलाचे पास लिहिणार. मी फक्त त्या पोराची मान मोजणार, चेंडू यायच्या आधी किती वेळा वळते ते. अण्णा घड्याळ धरून बसणार, त्याला खरोखर किती मिनिटं मिळतात ते बघायला. मास्तरांनी मला वहीच्या दोन कोऱ्या पानांवर रकाने आखून दिले, आणि म्हणाले, पेन्सिल आण, टर्फजवळ पाण्याने शाई पसरते.